गिटारची घुरघुर आणि मीटरमागची हिरवी वायर

आमच्या घराची वायरिंग करताना ज्यानं हिरव्या वायरचं तोंड काळ्या टेपनं बांधून मीटरच्या पाटीमागं खोचून ठेवलं, त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्या एका टोकापायी मी गिटारची जोडणी तीनदा उपसली.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. १४ एप्रिल जवळ आली की आमचा सराव रोज रात्री चालतो. गिटार स्ट्रॅट धाटणीची, तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल; ते तारांचं कंपन विजेत बदलतं). मधल्या पिकअपची कॉइल तुटली म्हणून फेब्रुवारीत पूर्ण सेटच मागवला. पिकगार्ड, म्हणजे पिकअप बसवलेली वरची पाटी, उघडणं, जुनं काढणं, नवं बसवणं हे एका दुपारचं काम आहे. जुन्या वायरी सोडवण्याआधी मोबाईलवर चार बाजूंनी फोटो काढून ठेवा. नवे पिकअप लावण्याआधी मल्टिमीटरवर त्यांचा रोध मोजा. माझे तिन्ही ६ किलोओहमच्या आसपास निघाले.

अडचण सोल्डरची, म्हणजे वितळवलेल्या धातूनं वायरी जोडायची, आली. पिकअपच्या काळ्या वायरी व्हॉल्यूम पॉटच्या (आवाज कमीजास्त करायच्या बटनाखालचा भाग) पाठीवर जोडायच्या असतात. ती पाठ म्हणजे धातूचा पत्रा, उष्णता पिऊन घेतो. माझं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न लावलं की सोल्डरचा गोळा व्हायचा आणि नखानं टोकरला की सुटून यायचा. गावातल्या मोटर वाइंडिंगवाल्या काकांकडे ते घेऊन गेलो. त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "मशीन चांगली हाय रे, लाईनच नाही पुरून राहिली तिले." संध्याकाळी बोर्डात मल्टिमीटरनं मोजलं तर १७८ व्होल्ट. २३० च्या जागी १७८ म्हणजे २५ वॅटचं आयर्न १५ वॅटचं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला २२६ व्होल्ट होते. काकांचं ६० वॅटचं आयर्न आणलं, पॉटची पाठ पॉलिश पेपरनं घासली, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट) लावला आणि तीन सेकंदांत सोल्डर पाण्यासारखं पसरलं. खेड्यात हे काम करायचं तर पहाटेच करा.

तारा चढवल्या, अँप (अँप्लिफायर) लावला आणि घुरघुर सुरू झाली.

सिंगल कॉइल थोडा गुणगुणतोच, तो लाईनच्या ५० हर्ट्झचा आवाज. पण या सेटमधला मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा आहे. त्यामुळे पिकअप निवडायच्या पाच घरांच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या घरात दोन पिकअप एकत्र लागले की त्यांची गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते. (१९५४ च्या मूळ फेंडर स्ट्रॅटोकास्टरला तीनच घरांचा स्विच होता. वाजवणारे तो दोन घरांच्या मध्ये अडकवून हा आवाज काढायचे. कंपनीनं पाच घरांचा स्विच १९७७ मध्ये दिला.) माझी घुरघुर मात्र पाचही घरांत सारखी. तारांना हात लावला की अर्धी व्हायची, काढला की परत. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो तर तारांवरच्या बोटांना झिणझिण्या यायच्या. तेव्हाच हे ओळखायला हवं होतं. पण सोल्डरनं आधीच छळलेलं असल्यामुळे मला माझ्याच जोडांवर शंका होती.

पहिल्या वेळी अर्थचे सगळे जोड पुन्हा केले. दुसऱ्या वेळी ब्रिजची वायर काढून मागच्या स्प्रिंगांच्या पट्टीला नव्यानं जोडली. तिसऱ्या वेळी पिकअपच्या खाचेत तांब्याची चिकटपट्टी लावली. दरवेळी तारा उतरवा, चढवा, सूर लावा. मल्टिमीटरची बीप तारांपासून जॅकच्या बाहेरच्या कडीपर्यंत स्वच्छ यायची. घुरघुर जशीच्या तशी. आठवडा गेला, सराव बुडाला, ऑर्केस्ट्रातली पोरं विचारायला लागली.

मग एका रविवारी गिटार आणि अँप दोन्ही यवतमाळला कीबोर्डवाल्या दोस्ताच्या खोलीवर नेले. एकदम चूप. आवाज पूर्ण उघडला तरी फक्त बारीक सरसर. मी दहा मिनिटं काहीच न वाजवता नुसता ऐकत उभा होतो.

घरी आलो आणि बोर्डाच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या भोकात मल्टिमीटरची पिन घातली. फेज आणि अर्थमध्ये ११० च्या आसपास दाखवत होतं, म्हणून वाटलं काहीतरी तर आहे. डिजिटल मीटर इथं फसवतो; मोकळ्या लटकत्या वायरवरही तो असा आकडा दाखवतो. काका टेस्ट लॅम्प घेऊन आले. फेज-न्यूट्रलवर बल्ब लखलखला, फेज-अर्थवर साधी तारही लाल झाली नाही. त्यांनी मेन बंद केला, मीटरची पाटी सोडवली आणि टेप बांधलेलं ते हिरवं टोक बाहेर ओढलं. "तुया गिटारले काई नाही झालं. घराले अर्थिंगच नाही, तं थे बिचारी काय करन?"

सात वर्षं या घरात फ्रिज चालला, कूलर चालला, आई ओल्या हातानं मोटरचं बटन दाबत राहिली. बोर्ड तीन पिनांचा, पैसेही तीन पिनांचे घेतले.

खड्डा आम्हीच खोदला. मार्चमधली काळी माती वरून दगड, खाली भेगा. ही माती वाळली की आकसते आणि पाईपपासून सुटते, म्हणून जागा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ घेतली. अडीच मीटरचा जीआय पाईप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. हिरवं टोक तिथं जोडून मेन चालू केला, तेव्हा टेस्ट लॅम्प पूर्ण पेटला. मी धावत जाऊन अँप लावला. पाचही घरं फिरवली. दुसरं आणि चौथं घर मुकं, बाकी तिघांत सिंगल कॉइलची असायला हवी तेवढीच गुणगुण. आई दारात उभी होती, तिला म्हटलं, ऐक, काहीच ऐकू येत नाही.

एक सांगायचं राहिलं: पॉट २५० किलोओहमचेच घ्या. ५०० चे हंबकरसाठी, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपसाठी. सिंगल कॉइलवर ते कानाला टोचतात. आणि घुरघुर जावी म्हणून अँपची अर्थ पिन कुणी तोडायला सांगितली तर ऐकू नका. तारा तुमच्या बोटांना थेट अँपच्या पत्र्याशी जोडतात, आणि तोंड माईकला लागलेलं असतं.

१४ एप्रिलला मंडपात लाईन जनरेटरची होती. स्टेजवर चढलो आणि आधी मल्टिमीटरची एक पिन माईकच्या जाळीला, दुसरी तारांना लावली. अर्धा व्होल्टही नव्हता. मग गिटार गळ्यात घातली.