अनुस्वार जागेवर राहीपर्यंत

रत्नागिरीत मी रेडियम कटिंगचे काम करतो. मोटारीच्या काचेवरचे नाव असो की होडीच्या नाळेवरचे, म्हणजे पुढच्या टोकावरचे, मागे गोंद असलेल्या कोणत्याही रंगीत विनाइलला, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ शीटला, आमच्याकडे रेडियमच म्हणतात, म्हणून इथेही मी तोच शब्द वापरतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यांना रंग लागतो आणि रंग वाळला की नावे घालायची घाई सुरू होते. कटर, म्हणजे संगणकावरची अक्षरे पात्याने रेडियमवर कापणारे मशीन, घेतल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मिरकरवाडा बंदरातल्या एका तांडेलांनी, म्हणजे नौकेच्या प्रमुखांनी, ‘गंगामाता’ हे नाव आणि त्याखाली दोन सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत गावाचे नाव असे काम दिले. त्या कामाने मला पात्याची खोली आणि दाब यांतला फरक शिकवला.

पहिल्या प्रयत्नात रेडियम कापलेच गेले नाही. नको असलेला भाग सोलू लागलो तर अक्षरेही त्याच्याबरोबर उठून येत होती. मी दाब ९० ग्रॅमवरून १४० वर नेला, मग १८० वर. आता अक्षरे सुटली, पण पाते खालच्या बॅकिंग पेपरातूनही, म्हणजे गोंद झाकणाऱ्या कागदातूनही, आरपार गेले होते. कापलेली अक्षरे एकत्र उचलणारी ट्रान्सफर टेप लावून नाव उचलले तेव्हा प्रत्येक अक्षराच्या मागे कागदाचा त्याच आकाराचा तुकडा चिकटून आला, आणि तो नखाने काढता काढता अर्धी अक्षरे चुरगळली. त्याहून मोठे नुकसान मशीनमध्ये झाले होते. पात्याखाली जी पांढरी पट्टी असते तिच्यावर खोल चरे पडले होते, आणि त्यानंतर पाते त्या चऱ्यांवरून गेले की तेवढ्या जागी काप अपुरा राहू लागला. ती पट्टी बदलावी लागली.

दोष दाबाचा नव्हता. पाते धरणाऱ्या नळीतून, म्हणजे होल्डरमधून, पाते जवळजवळ एक मिलिमीटर बाहेर आलेले होते. पाते किती बाहेर आहे यावर ते जास्तीत जास्त किती आत शिरू शकेल याची मर्यादा ठरते, आणि तेवढे आत शिरण्याचे बळ दाब देतो. पाते गरजेपेक्षा जास्त बाहेर असले तर होल्डरचे टोक कुठेच टेकत नाही, पात्याला अडवणारे काही उरत नाही, आणि दाबातली थोडी चूकही थेट कागदात उतरते. म्हणून आधी खोली आणि मग दाब, हा क्रम मी तेव्हापासून कधीही मोडलेला नाही.

खोली मी मशीनमध्ये नाही, हातात ठरवतो. होल्डर बाहेर काढायचा, त्याच रोलचा एक तुकडा टेबलावर ठेवायचा आणि पेनाने रेघ मारावी तशी होल्डरने रेघ ओढायची. साध्या रेडियमची जाडी ८० मायक्रॉनच्या आसपास असते, त्यामुळे पाते आत-बाहेर करणारी होल्डरची रिंग केसभर फिरवली तरी फरक पडतो. रेडियम सोलल्यावर बॅकिंग पेपरच्या चकचकीत बाजूवर बारीक रेघ दिसली पाहिजे, आणि कागद उलटा करून मागून बोट फिरवले तर काहीही लागता कामा नये. रेघ नीट दिसत नसेल तर तिच्यावर मार्करची शाई फिरवून पुसतो; शाई चिरेत राहते आणि खोली लगेच कळते.

त्यानंतर होल्डर मशीनमध्ये बसवून ६० ग्रॅमपासून सुरुवात केली आणि दहा-दहा ग्रॅमने वाढवत छोटे चौकोन कापत गेलो. माझ्या मशीनवर ४५ अंशांच्या पात्याने पांढरे रेडियम ९० ग्रॅमला स्वच्छ सुटले. म्हणजे सुरुवातीचा आकडा बरोबरच होता; मात्र तेव्हा पाते होल्डरमध्ये नीट बसवलेले नव्हते. दुसऱ्याच्या मशीनवर हाच आकडा चालेल असे मी म्हणणार नाही.

तरीही ‘गं’वरचा अनुस्वार सोलताना निघून येत होता. भिंगातून पाहिले तेव्हा टिंबाचे वर्तुळ पूर्ण मिटलेले नव्हते. सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये रेडियमचा एक बारीक धागा शिल्लक होता. या पात्याचे टोक होल्डरच्या मध्यरेषेवर नसून थोडे मागे असते आणि मशीन जिकडे वळते तिकडे ते ओढले जात फिरते. हे अंतर म्हणजे ऑफसेट. मशीनला ते प्रत्यक्षापेक्षा कमी सांगितले तर कोपरे गोल होतात आणि वर्तुळे मिटत नाहीत. जास्त सांगितले तर कोपऱ्यांना शिंगे फुटतात. पात्याच्या पाकिटावर ०.५० मिलिमीटर छापलेले होते आणि मशीनमध्ये ०.२५ होते. आकडा बदलल्यावर कोपरे सुधारले, पण टिंब काही वेळा मिटे, काही वेळा नाही. शेवटी होल्डर उघडला तेव्हा आत गोंद लागलेला रेडियमचा कण सापडला. त्यामुळे पाते मोकळे फिरत नव्हते. आता प्रत्येक मोठ्या कामाआधी पाते बोटाने हलके फिरवून पाहतो.

शिरोरेखेखालची अक्षरे सॉफ्टवेअरमध्ये एकसंध करून घ्यावी लागतात, नाहीतर जोडावर उभे काप पडतात. ते काम दोन मिनिटांचे आहे.

आमच्या हवेचा उपद्रव मात्र वर्षानुवर्षांचा. जुलैत रोल रात्रभर उघडा राहिला की बॅकिंग पेपर दमट होऊन लाटांसारखा उठतो, रेडियम दाबून पुढेमागे सरकवणाऱ्या पिंच रोलरांच्या मध्ये तो फुगतो, आणि एकाच अक्षरात काप एकीकडे खोल व दुसरीकडे उथळ पडतो. त्यावर दाब वाढवणे हा उपाय नाही. रोल मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उभा ठेवतो, आणि रोज सकाळी पहिला काप ‘गं’ या एका अक्षराचा घेतो. त्याचा तुकडा वहीत चिकटवून शेजारी तारीख, पाते आणि दाब लिहितो.

तांडेलांचे काम तिसऱ्या दिवशी पूर्ण झाले. नाळेवरची खारट ओल गोड्या पाण्याने धुऊन, फडक्याने कोरडी करून मी नाव बसवले आणि टेप खालून वर, अगदी सपाट दुमडत, सावकाश काढली. दोन्ही बाजूंचे अनुस्वार फळीवरच राहिले.