क्रिकेट स्मिथचा ट्रम्पेट

लाखेच्या रेकॉर्डवरचं गाणं संगणकावर उतरवून घ्यायचं आणि त्याला झालेली इजा जमेल तेवढी भरून काढायची, हे माझं काम. येतं त्यात बहुतेक नाट्यसंगीत, भावगीतं, एखादी ठुमरी. त्यामुळे धोबी तलावच्या एका वयस्कर गृहस्थांनी जुन्या टॉवेलात गुंडाळलेली दहा इंची रेकॉर्ड माझ्या टेबलावर उलगडली आणि लेबलावर ‘रेक्स’ हे कंपनीचं नाव आणि खाली ‘क्रिकेट स्मिथ’ हे नाव दिसलं, तेव्हा मी हातातलं बाकीचं काम बाजूला सारलं.

हे १९३६ सालचं मुंबईतलं ध्वनिमुद्रण. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून तिथल्या बँडची सूत्रं ट्रम्पेटवाल्या क्रिकेट स्मिथकडे आली, आणि पियानोवर होता टेडी वेदरफोर्ड, जो पुढे १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं गेला. रात्रीच्या जेवणानंतर ताजच्या बॉलरूममध्ये फॉक्सट्रॉट आणि वॉल्ट्झ वाजायचे, साहेबलोक, संस्थानिक, श्रीमंत पारशी मंडळी नाचायची. याच बँडनं त्या वर्षी ‘ताजमहाल’ नावाचा फॉक्सट्रॉटही रेकॉर्ड केला. ही सगळी माहिती मला वाचून होती. प्रत्यक्ष तबकडी हातात मात्र पहिल्यांदाच येत होती.

त्या गृहस्थांचे, म्हणजे अंकलचे, वडील गोव्याहून आलेले. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रीनं, म्हणजे संगीतशिक्षकानं, सोल्फेज (स्वर नावानिशी गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं, मुंबईत आल्यावर ट्रम्पेट हाती घेतला, हॉटेलांत वाजवलं, मग सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. गोव्याच्या शेकडो वादकांचा हाच रस्ता. हळदोण्याचा चिक चॉकलेट हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव, सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. अंकलच्या वडिलांचं नाव कुठल्याच रेकॉर्डवर नाही. ही एक तबकडी मात्र त्यांनी तरुणपणी विकत घेतली आणि शेवटपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

“खूप वाजवायचा पप्पा,” अंकल म्हणाले. “म्हणून अशी झाली. ती खरखर सगळी काढून टाक, बाय. एकदम नवीन करून दे.”

‘एकदम नवीन’ हे मी रोज ऐकते. त्यावर बोलत बसण्यापेक्षा आधी काम दाखवावं असं ठरवून मी त्यांना थांबायला सांगितलं. त्यांनाही घाई नव्हती.

पहिलं काम धुण्याचं. डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचे थेंब, मऊ कुंचला, लेबल कोरडं ठेवायचं. कोणी उत्साहानं स्पिरिटचा बोळा फिरवला तर रेकॉर्ड कायमची गेलीच, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पलाश, कुसुम, बोरीच्या फांद्यांवरच्या किड्यांनी केलेली ती लाख आपल्याच देशातून जगभर जायची. न्यूयॉर्कच्या रेकॉर्डमध्येही तीच. लाख साधारण तिसरा हिस्सा, बाकी दगडाची पूड आणि काजळी. ती पूड मुद्दाम घालत, म्हणजे पोलादी सुई घासून चराच्या, आवाज कोरलेल्या बारीक खाचेच्या, मापाची होईल. रेकॉर्ड अगदी कोरी असतानाही जी सुरसुर ऐकू येते ती या पुडीची. तिला मी घाण मानत नाही. ती त्या वस्तूचा पोत आहे.

वडिलांनी सुया वेळेवर बदलल्या नव्हत्या हे भिंगाखाली स्पष्ट दिसलं. चराच्या भिंतींवर करडे ओरखडे, आणि मोठ्या आवाजाच्या जागी ते जास्त. पण पोलादी सुई चराच्या एका ठरावीक उंचीवरच घासते. तिच्या खाली किंवा वर कधी कधी भिंत शाबूत राहिलेली असते. माझ्याकडे वेगवेगळ्या जाडीच्या हिऱ्याच्या सुया आहेत, काहींचं टोक छाटलेलं. एकेक लावून तोच तुकडा परत परत ऐकायचा. नेहमीच्या मापाच्या सुईला ट्रम्पेट फाटत होता. थोडी रुंद, टोक छाटलेली सुई लावली आणि ती वरच्या भिंतीला टेकून चालू लागली, तसा ट्रम्पेट एकसंध झाला. संगणकाला हात लावण्याआधी झालेली ही दुरुस्ती पुढच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला जमली नसती.

मग दिसलं की मधलं भोक सरकलेलं आहे. जवळजवळ एक मिलिमीटर. ऐकणाऱ्याला वाटेल एका मिलिमीटरनं काय होतं, म्हणून हिशोब सांगते. तबकडीच्या बाहेरच्या कडेला चराची त्रिज्या बारा सेंटिमीटरच्या आसपास, तिथे एक मिलिमीटर म्हणजे एक टक्क्याहून कमी फरक. कान सोडून देतो. शेवटाकडे त्रिज्या पाच सेंटिमीटरवर येते आणि तोच मिलिमीटर दोन टक्के होतो. स्वर वर आणि खाली एक तृतीयांश अर्धस्वरानं हेलकावे खातो, दर फेरीला एकदा, म्हणजे सेकंदाला १.३ वेळा. नेमक्या शेवटच्या आवर्तनात, जिथे बँड सगळा जोर लावतो, तिथे ट्रम्पेटचा लांब स्वर बोटीत बसल्यासारखा डुलत होता. माझ्या टर्नटेबलचा मधला खुंटा काढता येतो. तो काढला, रेकॉर्ड मोकळी ठेवली आणि सुईचा दांडा डावीकडे-उजवीकडे झुलायचा थांबेपर्यंत बोटानं केसभर, केसभर सरकवत राहिले. अंकल खुर्ची ओढून शेजारी आले. दांडा स्थिर झाला तेव्हा त्यांनी माझ्याआधी “बस!” म्हटलं.

वेगही पाहावा लागतो. ७८ हा नंतर ठरलेला आकडा. जुन्या रेकॉर्डी ७४ वरही सापडतात, ८२ वरही. पियानो असला की सोपं जातं, कारण पियानो दोन पट्ट्यांच्या मध्ये वाजू शकत नाही, आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले बँड बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ अशा आपल्या सोयीच्या पट्ट्यांत वाजवतात. चुकीच्या वेगावर सूर बिघडतोच, शिवाय नाचाची लय मोडते. ज्या संगीतावर माणसांनी पावलं टाकायची त्याला हे सोसत नाही.

आवाज संगणकात घेताना आजच्या एलपीचं इक्वलायझेशन (वरचे-खालचे सूर ठरलेल्या प्रमाणात कमीजास्त करणं) काढून टाकलं, कारण ते १९५४ नंतरचं. ते तसंच ठेवलं तर या रेकॉर्डींचा वरचा भाग दबतो आणि लोक म्हणतात, जुन्या रेकॉर्डी अशाच घुसमटलेल्या. नाहीत त्या. चुकीच्या पद्धतीनं वाजवल्या गेल्यात.

इथपर्यंत दुपार झाली. मग मी अंकलसाठी मुद्दाम दोन प्रती तयार केल्या. पहिलीत सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं: सगळी सुरसुर काढ. दुसरीत मोठे तडाखे आणि भेगेची टकटक एकेक हातानं भरली, आणि सुरसुर फक्त थोडी खाली आणली, बाकी राहू दिली. हातानं भरण्याची ही पद्धत माझ्या आधीच्या पिढीची. इंग्लंडमधले जॉन आर. टी. डेव्हिस टेपच्या जमान्यात टकटक नेमकी कुठे आहे ते शोधून टेपवरचा तेवढाच लेप ब्लेडनं खरवडत. ते स्वतः टेम्परन्स सेव्हन या बँडमध्ये वाजवायचे, जुनी नाचाची गाणीच. त्यांनी दुरुस्त केलेलं आजही ऐकलं की कळतं, हा माणूस ध्वनी वाचवता वाचवता ठेका सांभाळत होता. २००४ मध्ये ते गेले.

पहिली प्रत लावली. स्वच्छ. मागे काहीच नाही. अंकल खूश झाले, “वा, हेच,” म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून ऐकत बसले. तीन मिनिटं संपली.

दुसरी लावली. सुरुवातीला त्यांनी कपाळाला आठी घातली, कारण सुरसुर परत आली होती. दहा-बारा सेकंदांनी त्यांच्या चपलेची टाच जमिनीवर पडायला लागली. मग दुसरा पाय. मग टेबलावर उजव्या हाताची तीन बोटं, ट्रम्पेटच्या कळांवर असतात तशी.

मी मध्येच थांबवून पहिली प्रत परत लावली. पाय थांबला.

ही दोन प्रतींची परीक्षा मी पुष्कळांपुढे केली आहे, पण उत्तर इतकं सरळ कोणाच्या शरीरानं दिलं नव्हतं. कारण त्यांना दाखवलं. झांजेवर काडी पडली की आधी एक बारीक ठिणगी येते आणि मग तिचा सूर नसलेला आवाज पसरत जातो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं तो पसरलेला आवाज आणि लाखेची सुरसुर एकाच जातीचे. ते दोन्ही काढतं. मागे बसलेल्या ठेकेवाल्यांची धार तिथेच असते, ट्रम्पेटवाल्याची फुंकर स्वरात शिरतानाचा पहिला क्षणही तिथेच. ते गेलं की सूर राहतात आणि बँड निघून जातो. नाचणाऱ्याला सुरांपेक्षा ती धार लागते.

“मग ते राहू दे,” अंकल म्हणाले. “खरखर आपण ऐकून घेऊ.” आणि मग विचारलं, “हा वाजवतोय तो कोण होता? पप्पा फक्त स्मिथ, स्मिथ करायचा.”

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला. कपाटातून मी व्हिक्टर कंपनीची एक बारा इंची रेकॉर्ड काढली: ‘कॅसल हाउस रॅग’, न्यूयॉर्क, १० फेब्रुवारी १९१४, जेम्स रीस युरोप या बँडप्रमुखाची सोसायटी ऑर्केस्ट्रा. व्हर्नन आणि आयरीन कॅसल हे त्या काळचं नावाजलेलं नर्तक जोडपं, त्यांच्यासाठी युरोपनं बसवलेलं हे संगीत. मोठ्या कंपनीनं कृष्णवर्णीय ऑर्केस्ट्राशी करार करण्याची ती अगदी सुरुवात. त्या ऑर्केस्ट्रात कॉर्नेट, ट्रम्पेटच्याच जातीचं वाद्य, वाजवणारा होता क्रिकेट स्मिथ. मुंबईच्या बावीस वर्षं आधी.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीनं उभे राहायचे, त्यांच्या आवाजाच्या दाबानंच पडदा हलायचा आणि मेणात चर कोरला जायचा. खालचे सूर जवळजवळ गायब, वरचेही कापलेले. कर्ण्याचे स्वतःचे काही सूर विनाकारण मोठे होतात. म्हणून ती पहिल्यांदा ऐकणाऱ्याला डबड्यात वाजतंय असं वाटतं. अंकलनाही वाटलं. मी म्हटलं, शेवटपर्यंत थांबा. शेवटचा भाग आला आणि तो नीटनेटका, लिहून दिल्यासारखा ऑर्केस्ट्रा एकदम उसळला: बडी गिलमोरचे ड्रम सगळ्यांच्या पुढे धावायला लागले आणि वरून कॉर्नेट सुटला. १९१४ साली, ‘जॅझ’ हा शब्द रेकॉर्डवर येण्याच्या आधी. मी ही जागा कितीही वेळा ऐकली असली तरी मान ताठ होतेच.

या दोन्हींच्या मधलाही स्मिथ आहे. पहिल्या महायुद्धानंतर तो पॅरिसला लुई मिचेलच्या जॅझ किंग्जमध्ये होता आणि १९२१ पासून त्यांनी पाथे कंपनीसाठी रेकॉर्डी केल्या. त्यातली एक मी पूर्वी एका संग्राहकासाठी उतरवली होती, ती फाइल लावली. पाथेचा प्रकार निराळाच. चर डावी-उजवीकडे न वळता खाली-वर होतो, आणि सुईऐवजी नीलमण्याचा गोल खडा लागतो. पाथेनं हिंदुस्थानी गाण्यांच्याही अशा तबकड्या काढल्या होत्या, म्हणून मला हे जमतं: स्टिरिओ पिकअपचे दोन आवाज बेरजेऐवजी वजाबाकीनं जोडायचे. शिवाय कंपनी आधी मोठ्या सिलिंडरवर मुद्रण करायची आणि त्यावरून यंत्रानं तबकडीवर नक्कल उतरवायची, त्या यंत्राची घरघर प्रत्येक पाथेत बसलेली असते.

तीन तऱ्हा, तीन दोष: कर्णा, नीलमणी, मायक्रोफोन. प्रत्येकानं त्या माणसाचा आवाज आपल्या परीनं वाकवलेला. पण तिन्ही एकापाठोपाठ ऐकताना मला एक गोष्ट जाणवली जी सुट्या सुट्या रेकॉर्डींत कधी जाणवली नव्हती. स्वराला टाळी दिल्यासारखं तो ठोक्याच्या बरोबर वर येऊन उभा राहतो, रेंगाळत नाही. १९१४ मध्येही, मुंबईतही. लुई आर्मस्ट्राँगनंतरचे ट्रम्पेटवाले ठोक्याच्या मागेपुढे खेळायला शिकले. स्मिथ त्यांच्या आधीचा, ब्रास बँडच्या आणि जॅझच्या आधीच्या रॅगटाइम संगीताच्या शाळेतला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळतात. माझ्या मते तो त्याहून पुष्कळ जास्त जागेला पात्र आहे, आणि त्यातली एक जागा मुंबईच्या संगीताच्या इतिहासात हवी.

अंकलनी तिन्ही परत ऐकल्या. मग म्हणाले, “पप्पा पण असाच वाजवायचा. सरळ. सिनेमात त्याला सांगायचे, जरा लाडानं वाजव. त्याला जमायचं नाही.” एवढंच. मी त्यावरून काही सिद्ध करू पाहत नाही. गोव्यातही पोरं ब्रास बँडमध्येच शिकत, तेव्हा सरळपणा तिथूनही आलेला असेल.

संध्याकाळी त्यांना तीन फाइली दिल्या. दुरुस्त केलेली एक. काहीही न काढलेली, सुईनं दिली तशीच एक, कारण उद्या कोणाकडे माझ्यापेक्षा चांगली हत्यारं असतील आणि त्यानं माझ्या निवडींवरून सुरुवात करू नये. तिसरी १९१४ ची, ती त्यांनीच मागून घेतली. सोबत कागदावर सुईचं माप, वेग, इक्वलायझेशन आणि भोक किती सरकलं होतं ते लिहून दिलं. रेकॉर्ड नव्या कागदी पाकिटात घालून ती उभी ठेवायची, आडवी चळतीत ठेवायची नाही, हे सांगितलं. त्यांनी विचारलं, अजून एक पेटी आहे घरी, त्यात कलकत्त्याच्या कोलंबिया कंपनीच्या रेकॉर्डी आहेत, वेदरफोर्डच्या असतील का? मी म्हटलं, असू शकतील, त्यानं तिथे कोलंबियासाठी पुष्कळ रेकॉर्डी केल्या. पण पेटी हलवू नका, मी घरी येते.