कुलाबा मॉडेल: खडक अखेर बुडला

मंडळी, बुडला! काल रात्री साडेअकराला माझ्या घरातल्या मॉडेलमध्ये पाणी चढवलं आणि अलिबागचा किनारा आणि कुलाबा किल्ला यांच्यामधला खडक पूर्ण पाण्याखाली गेला. किल्ल्याच्या चारही बाजूंनी पाणी. मग नळीने मॉडेलच्या ट्रेला जोडलेला पाण्याचा कॅन खाली घेतला, तर आधी किल्ल्याजवळचे दोन उंचवटे दिसले, मग मधली पाठ आणि शेवटी किनाऱ्यालगतची ओली वाळू. चाळीत सगळे झोपलेले, म्हणून ओरडलो नाही एवढंच. एक वाजेपर्यंत भरती-ओहोटीच करत बसलो होतो.

गणपतीपासून काम याच एका गोष्टीवर अडलं होतं. मोजमापं पुन्हा एकदा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अवलंबून आहे. बोर्ड चार फूट बाय तीन फूट. आडवं प्रमाण १:१५००, त्यामुळे उत्तर-दक्षिण सुमारे पावणेतीनशे मीटरचा किल्ला अठरा सेंटीमीटरचा होतो. उभं प्रमाण मात्र १:३००. पाचपट ताणलंय हे मान्य, तट जरा उंच दिसतात, पण त्याला इलाज नाही. खऱ्या प्रमाणात धरलं तर चार मीटरची भरती जेमतेम पावणेतीन मिलीमीटर येते, आणि तेवढं पाणी पृष्ठताणामुळे नुसतं कडेला फुगून बसतं. मी करून पाहिलंय. १:३०० मध्ये सनबोर्डचा (फोमच्या पातळ पाटीचा) पाच मिलीमीटरचा थर म्हणजे दीड मीटर आणि तीन मिलीमीटरचा म्हणजे नव्वद सेंटीमीटर. हिशोब तोंडी होतो.

अडचण अशी होती की मधला खडक बुडतच नव्हता. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या पूर्ण भरतीलाही त्यावर जेमतेम एक मिलीमीटर पाणी यायचं आणि एरवी तो कायम कोरडा. म्हणजे माझा कुलाबा हा जलदुर्ग नव्हताच. कोणीही कधीही चालत जावं असा किल्ला झाला होता. ज्या किल्ल्याचं सगळं बळ दिवसातून दोनदा येणाऱ्या पाण्यात आहे, तो पाण्याविना उभा करून काय उपयोग?

आधी बोर्डावर संशय घेतला. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) पावसाळ्यात फुगतं, म्हणून स्पिरिट लेव्हल लावून चारही कोपरे तपासले. दीड मिलीमीटरचा फरक निघाला. पाचरी ठोकून तो काढला, तरी खडक कोरडाच. मग गळतीचा संशय. रात्रभर पाणी भरून ठेवलं, सकाळी पातळी तशीच. मग वाटलं की कॅनवरच्या खुणाच चुकल्यात, म्हणून त्या सगळ्या पुसून पुन्हा आखल्या. तीन रविवार यात गेले.

उत्तर दिलं आमच्या मावशींनी. मावशी म्हणजे आमच्या मजल्यावर मासळी घेऊन येतात त्या. माहेर अलिबागकडचं, म्हणून मॉडेलवर त्यांचं पहिल्यापासून लक्ष. मी खडकावर नुकतंच शेवाळ रंगवलं होतं आणि पांढऱ्या ॲक्रिलिकचे बारीक ठिपके देऊन कालवं काढली होती. एकेक ठिपका दातकोरणीच्या टोकाने दिलेला. पाटी उतरवून त्यांनी निरखून पाहिलं.

"हे पांढरं काय रे?"

"कालवं, मावशी."

"आणि पाणी कुठवर येतं?"

मी भरतीची खूण दाखवली. त्या म्हणाल्या, "मग मेली की तुझी कालवं. कालव धरतं तो दगड रोज बुडायला लागतो. आम्ही ओहोटीला कोयती घेऊन जायचो, भरतीला त्या दगडावर डोकाभर पाणी असायचं."

त्या बोंबील देऊन पुढच्या दाराला गेल्या आणि मी टोपोशीट (जमिनीच्या उंचीचा नकाशा) आणि सागरी चार्ट शेजारी शेजारी पसरून बसलो. चूक दहा मिनिटांत सापडली. दोन्ही नकाशांचं शून्य वेगळं आहे!

टोपोशीटवरची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. चार्टवरची खोली मोजतात ती चार्ट डेटमपासून, म्हणजे ओहोटीचं पाणी साधारण ज्याच्या खाली जात नाही त्या पातळीपासून. जहाजाच्या तळाखाली कमीत कमी किती पाणी मिळेल हे नाखव्याला हवं असतं, म्हणून. ओहोटीला उघडे पडणारे खडक चार्टवर अधोरेखित आकड्याने दाखवतात आणि तो आकडाही डेटमच्या वरचा असतो. मुंबईला अपोलो बंदरात सरासरी समुद्रसपाटी डेटमच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. मी जमीन टोपोशीटवरून घेतली, खडक चार्टवरून घेतला आणि दोन्ही एकाच शून्यावर बसवले. परिणामी खडक अडीच मीटर वर उचलला गेला. मॉडेलवर आठ मिलीमीटर.

उदाहरणासाठी दीड मीटरचा खडक घ्या. उधाणाला मुंबईच्या तक्त्यात पाणी साडेचार मीटरच्या जवळपास चढतं आणि पाऊण मीटरपर्यंत उतरतं. म्हणजे खडक भरतीला जवळजवळ तीन मीटर पाण्याखाली हवा आणि ओहोटीला पाऊण मीटर उघडा. मावशींचं डोकाभर पाणी ते हेच. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, मात्र पाणी सव्वातीनपर्यंत चढतं आणि पावणेदोनच्या खाली फारसं जात नाही, म्हणजे ओहोटीलाही खडक उघडा पडत नाही. हे वाचताना माझी मागच्या वर्षीची फेरी आठवली. कामावरून अष्टमीला सुट्टी मिळाली म्हणून गेलो होतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. वेळ अचूक निघाली, पण बाराला पोहोचलो तरी वाटेवर पोटरीभर पाणी होतं आणि घोडागाडीवाले खुशीत होते. तेव्हा वाटलं होतं की माझी वेळ चुकली. ती बरोबरच होती. अष्टमीचं पाणी मुळात उतरतंच थोडं.

खात्री करायला रविवारी वांद्र्याच्या बँडस्टँडला गेलो. अलिबाग तिथून सरळ रेषेत पंचेचाळीसेक किलोमीटर, भरतीत फारसा फरक नाही. खडकांवर खाली शेवाळ, त्याच्यावर कालवांचा खडबडीत पट्टा आणि त्याच्याही वर काळा, स्वच्छ दगड. भरतीची रेघ दगडावरच लिहिलेली असते. फोटो काढले आणि पट्टी लावून पट्ट्याची उंची घेतली. ज्यांना खाडी किंवा किनारा करायचाय त्यांनी आधी हे करा, रंग नंतर.

मग शस्त्रक्रिया. आठ मिलीमीटर म्हणजे बरोबर एक पाचचा आणि एक तीनचा थर, ही त्यातल्या त्यात दैवाची कृपा. किल्ल्याचं बेट टोपोशीटवरून घेतलेलं, ते बरोबर होतं. काढायचा होता फक्त मधला पट्टा. पण त्यावर एम-सीलचा थर, वर वॉटरप्रूफिंग, वर रंग. कटरची अकरा पाती गेली. स्वस्तातली पाती घेऊ नका, दुसऱ्या काटातच टोक मोडतं. थर्माकोल तर या कामाला मुळीच नको, त्याचे दाणे सुटतात आणि नळीत अडकतात. एक्स्ट्रुडेड फोम महाग पडतो, पण सुरीखाली लोण्यासारखा कापला जातो आणि पाणी पीत नाही. रेझिनचा विचार मी कायमचा सोडलाय. एका दुकानदाराने जुनं हार्डनर माथी मारलं आणि ऑगस्टच्या दमट हवेत ते आठवडाभर चिकटच राहिलं, वर दुधाळ झालं. खरं पाणी असताना खोटं हवंय कशाला? सांध्यांना गच्चीवर मारतात ते वॉटरप्रूफिंग दोन हात दिलं, पुरेसं होतं.

कालवं पुन्हा काढली. या वेळी योग्य उंचीवर.

आता भरतीची यंत्रणा. दहा लिटरचा कॅन, सलाईनसारखी नळी, कॅन वर केला की ट्रेमध्ये पाणी चढतं, खाली केला की उतरतं. कॅनच्या बाजूच्या पट्टीवर मी मीटर लिहिणार होतो. पण हे लिहिता लिहिताच सुचतंय की मीटर कशाला, तिथ्या लिहाव्यात. प्रतिपदा ते पौर्णिमा पंधरा उभे रकाने, प्रत्येकात दोन खुणा, वरची भरतीची आणि खालची ओहोटीची. खुणा जोडल्या की आडव्या डमरूचा आकार येईल, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये निमुळता. उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी जास्त असतं, म्हणजे डमरूची कंबर अष्टमीवर न येता थोडी पुढे सरकेल. पाहणाऱ्याने आजची तिथी बघायची, कॅन त्या खुणेवर लावायचा आणि आज चालत जाता येईल का ते समोर बघायचं. मावशींनाही वाचता येईल अशी पट्टी होईल. मीटरवाली पट्टी रद्द.

मॉडेलमध्ये कोणत्या सालचा किल्ला दाखवायचा, हा प्रश्नही आता सोडवतोच. मी १७२१ धरलं होतं. त्या वर्षाअखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले, कमोडोर मॅथ्यूजचं आरमार समुद्रात आणि फौज किनाऱ्यावर, आणि तरीही कान्होजी आंग्र्यांचा किल्ला हलला नाही. पाणी असलेलं मॉडेल करायला याहून चांगला प्रसंग नाही. पण उत्तर तटावर मी चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा बसवल्या होत्या, त्या उतरवाव्या लागल्या. खऱ्या तोफांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि १८४९ हे साल कोरलंय. आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी १८४० मध्येच खालसा केलं होतं. म्हणजे त्या तोफा ना कान्होजींनी पाहिल्या ना त्यांच्या वंशजांनी किल्ल्यावर राज्य करताना. किल्ल्यातलं सिद्धिविनायकाचं देऊळही राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. किनाऱ्यावरचा हिराकोट किल्ला चालतो, तो १७२० चा.

देऊळ करायला मला दोन आठवडे लागले होते आणि ते फेकवत नाही. म्हणून ठरवलंय की जमीन, खडक आणि तट एकदाच पक्के, बाकी इमारतींना खाली पितळी खिळा आणि बोर्डला भोकं. १७२१ चा संच, १७५९ चा संच आणि १९०४ चा संच. तिसऱ्यात अलिबागची ज्यू वस्ती असलेली इस्रायल आळी येईल, १८४८ च्या मागेन अबोथ सिनेगॉगसह (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), आणि येईल पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेणारी चुंबकीय वेधशाळा. तिच्यासाठी तर मी उतावीळ झालोय. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून नोंदी बिघडू नयेत यासाठी कुलाब्याची वेधशाळा नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला हलवली. मुंबईच्या कुलाब्याहून निघून ती दुसऱ्या कुलाब्याच्या किनाऱ्याला लागली! १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता यावी. बांधकामात लोखंड टाळलंय, म्हणून तिच्या बुडाला पितळी खिळा बसतोय याचं मला फार समाधान आहे.

तटांबद्दल एक छोटी गोष्ट. मी दगडांच्या फटींत पुट्टी भरून टाकली होती, जंजिऱ्यासारखी. कुलाब्याचे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत, लाट आली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. सुईने सगळी पुट्टी उकरून काढली. पूर्वेकडचा तट झालाय आणि उन्हात धरला की प्रत्येक फटीत खरी सावली पडते. सतरापैकी सहा बुरूज बाकी आहेत.

शेजारचा छोटा सर्जेकोट आणि त्याला किल्ल्याशी जोडणारा दगडी बांध अजून अंदाजानेच लावलाय आणि आता अंदाजावर भरवसा ठेवायचा नाही. येत्या अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या सुमारास. चारला वाळूवर उतरून पाण्याच्या मागोमाग जायचं, बांधाची उंची कालवांच्या पट्ट्यावरून घ्यायची आणि पाणी फिरायच्या आत परत. सहा फुटी काठीवर रंगीत चिकटपट्टीने दर दहा सेंटीमीटरला खुणा करून ठेवल्यात. मावशींनी त्यांच्या भावाला सांगून ठेवलंय, ते किनाऱ्यावर भेटतील.