टायमिंग कानाने नको, दिव्याने लावा

जुनी गाडी ओढत नाही, चढावर दमते, अशी तक्रार आली की बहुतेकांचा हात आधी डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे जातो. क्लॅम्पचा बोल्ट ढिला करायचा, इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा, आवाज कानाला गोड लागला की तिथेच आवळून टाकायचा. झालं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ! ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्याविरुद्ध बोललं तर लोकांना राग येतो. तरी बोलते, कारण अशा कानाने लावलेल्या टायमिंगनंतर पिस्टनचं काय होतं ते मी उघडलेल्या इंजिनांत पाहिलं आहे.

आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, त्यावर भार नसतो. थ्रॉटल जवळजवळ बंद, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडंच, त्यात आधीच्या फेरीतला जळका वायू मिसळलेला. असं मिश्रण सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर मिळाली की इंजिन खूश होतं. डिस्ट्रिब्युटर ॲडव्हान्सकडे (ठिणगी लवकर पडेल असा) फिरवा, आरपीएम चढतात, थरथर कमी होते. गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याच्या बरंच पुढे गेलात तरी आवाज चांगलाच लागतो. कान सांगतो, इथेच ठेव. तीच गाडी टॉप गिअरमध्ये चढावर घाला आणि ॲक्सिलरेटर दाबा. आता सिलिंडर भरलेला असतो, मिश्रण भराभर पेटतं आणि पिस्टन अजून वर येतोय तोवरच दाब वाढून बसतो. मग नॉकिंग, म्हणजे इंजिनाची खडखड, सुरू होतं. ऐकू आलं तर बरं, कारण मोठ्या वेगात वाऱ्याच्या आणि सायलेन्सरच्या आवाजात ते ऐकूच येत नाही, आणि पिस्टनच्या माथ्यावरचं ॲल्युमिनियम खात जातं. इंजिनाला भाराखाली काय हवंय ते आयडलिंगला कान लावून कळत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

माझी गाडी साधी आहे: चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, कॉन्टॅक्ट पॉइंटवालं इग्निशन (डिस्ट्रिब्युटरमधले हे पॉइंट उघडले की ठिणगी पडते). पुस्तकात आयडलिंगचं टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) १० अंश आधी दिलंय. हे १० अंश म्हणजे किती वेळ, ते एकदा कागदावर मांडून पाहा. ८०० आरपीएमला क्रँकच्या एका फेरीला ७५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे १० अंशांना दोन मिलिसेकंदांहून किंचित जास्त. ठिणगी पडल्यापासून मिश्रण नीट पेटायला वेळ लागतो आणि दाब सगळ्यात जास्त व्हायला हवा तो टीडीसी ओलांडल्यावर, साधारण १५ अंशांच्या आसपास. तेव्हाच तो पिस्टनला खाली ढकलतो. आता ३००० आरपीएमला फेरी २० मिलिसेकंदांत संपते. तेवढाच वेळ द्यायचा तर ठिणगी ३७ अंश आधी पडायला हवी. म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या पोटात वजनं आणि स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणारा कॅम पुढे सरकतो. वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळणही वाढते आणि मिश्रण लवकर जळू लागतं, त्यामुळे हा ॲडव्हान्स वाढतच जात नाही, एका वेगानंतर थांबतो. व्हॅक्यूमचा डबा दुसरी बाजू सांभाळतो. हलक्या पायाने चालवताना सिलिंडरमधलं मिश्रण विरळ असतं, त्याला आणखी वेळ लागतो, तेवढा तो जोडून देतो.

म्हणजे आपण बोल्ट ढिला करून जो आकडा लावतो तो फक्त सुरुवातीचा. पुढचा सगळा प्रवास वजनं आणि व्हॅक्यूमच्या डब्यातला डायफ्रॅम (पडदा) करतात. ती दोन्ही अडकलेली असतील तर १० अंश कितीही अचूक लावा, ३००० आरपीएमलाही १०च राहतील आणि गाडी मेल्यासारखी चालेल. म्हणून डिस्ट्रिब्युटरची कॅप काढल्यावर मी आधी रोटर (आत फिरून ठिणगी वाटणारा तुकडा) बोटांनी पकडून त्याच्या फिरण्याच्या दिशेला पिळते. थोडा फिरून सोडल्यावर तो झटकन परत आला पाहिजे. परत आला नाही किंवा रेंगाळला, तर आत वंगण सुकून चिकटलंय. व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तिच्या टोकाने तोंडाने हवा ओढायची. पॉइंटची प्लेट हलली पाहिजे आणि जीभ लावून धरली की तशीच थांबली पाहिजे. हवा सरळ येत राहिली तर डायफ्रॅम फाटलाय.

मग पॉइंट. टायमिंगच्या आधी पॉइंट, हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जातं. कमी केली की मागे येतं. टायमिंग लावून नंतर गॅप बदललीत तर टायमिंग पुन्हा लावावं लागतं. बऱ्याच जुन्या चार सिलिंडर गाड्यांना ०.४ ते ०.५ मिमी गॅप चालते, पण आपल्या गाडीचा आकडा पुस्तकातूनच घ्यावा. पॉइंट नवे असतील तर फिलर गेज पुरतं. वापरलेल्या पॉइंटवर एका बाजूला खळगा आणि दुसरीकडे उंचवटा झालेला असतो. गेजची सपाट पट्टी उंचवट्याला टेकते, पण तो समोरच्या खळग्यात किती शिरतो ते तिला कळत नाही, म्हणून खरी गॅप गेज दाखवतं त्याहून जास्त असते. तिथे ड्वेल मीटरच लावावा. तो पॉइंट किती अंश बंद राहतात ते मोजतो, आणि खळगा असो नसो, तेच महत्त्वाचं असतं. खळगा फार लवकर पडत असेल तर पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरकडे बघा.

आता खुणेबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. क्रँक पुलीवरची खाच आणि शेजारची पट्टी यांवर आपण आंधळा विश्वास ठेवतो. पण कित्येक इंजिनांची पुली दोन भागांची असते, आत हब, बाहेर जड कडं आणि मध्ये रबर. वर्षानुवर्षं तेल आणि उष्णता खाऊन ते रबर सुटतं आणि बाहेरचं कडं हबवर सरकतं. खाच कड्यावर असते. मग तुम्ही टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लकाकणारा दिवा) लावून १० अंश लावता आणि प्रत्यक्षात पंधरा असतात. जुनी गाडी नवीन हाती आली असेल तर खरी टीडीसी एकदा तरी शोधलीच पाहिजे. बॅटरीची तार काढायची, म्हणजे चुकून सेल्फ लागणार नाही. सगळे प्लग काढायचे. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी बोथट टोकाचा पिस्टन स्टॉप आटवायचा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हलकेच फिरवायचं, पिस्टन स्टॉपला टेकला की पट्टीच्या शून्यासमोर पुलीवर रेघ ओढायची. मग उलट दिशेने फिरवून परत टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मधोमध खरी टीडीसी. जोर अजिबात करायचा नाही, पिस्टनला टेकल्याचं हाताला कळतं. गाडीची खाच या मध्यावर बसत असेल तर ती खरी माना, व्हाइटनरचा ठिपका द्या आणि पुढे चला. बसत नसेल तर पुली बदलेपर्यंत आपली रेघ हीच खरी खूण.

इंजिन सुरूच होत नसेल, किंवा डिस्ट्रिब्युटर काढून परत बसवला असेल, तर आधी बंद इंजिनावर टायमिंग लावावं लागतं. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवून इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेने फिरवायचं. हवेचा दाब बोट उचलू लागला की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. मग खूण १० अंशांवर आणायची. जास्त पुढे गेली तर मागे खेचून भागत नाही, कारण चेनची आणि गिअरची ढिलाई आकड्यात शिरते. चांगली मागे न्यायची आणि पुन्हा चालण्याच्या दिशेने खुणेवर आणायची. रोटर कॅपच्या पहिल्या वायरकडे बघत असला पाहिजे. बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला आणि अर्थला जोडायचा, इग्निशन ऑन करायचं. पॉइंट बंद असताना लॅम्प विझलेला, उघडले की पेटतो. डिस्ट्रिब्युटर आधी रोटर फिरतो त्या दिशेला वळवून लॅम्प विझवायचा, मग उलट दिशेने अगदी सावकाश आणायचा. लॅम्प पेटला त्याच क्षणी थांबायचं आणि बोल्ट आवळायचा. रोटरच्या दिशेला रिटार्ड (ठिणगी उशिरा), उलट दिशेला ॲडव्हान्स, एवढं लक्षात ठेवलं की कुठल्याही गाडीवर गोंधळ होत नाही. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याला एक अंश हलवलं की टायमिंग दोन अंशांनी हलतं. हाताने द्यायचा धक्का केसभरच असायला हवा.

पण खरं काम चालू इंजिनावरचंच. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा, गाडी मोकळ्या हवेत. व्हॅक्यूमची नळी काढून कार्ब्युरेटरकडचं तोंड बंद करायचं. काही गाड्यांचं पुस्तक ती जोडलेलीच ठेवायला सांगतं, तिथे पुस्तकाचं ऐकायचं. टायमिंग लाइटचा चिमटा पहिल्या प्लगच्या वायरवर. दर ठिणगीला लाइट एकदा लकाकतो आणि फिरणारी पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. हा क्षण मला अजूनही फार आवडतो. पण त्यातच धोका आहे. त्या उजेडात फॅन आणि बेल्टसुद्धा थांबल्यासारखे किंवा सावकाश सरकताना दिसू शकतात, आणि हात सहज पुढे जातो. लाइटच्या वायरी, ओढणी, मोकळे केस, काहीही तिकडे जाऊ द्यायचं नाही. माझी भाची माझ्यासोबत काम करते, तिला मी लाइट हातात देण्याआधी वेणी आत खोचायला लावते.

आयडलिंग पुस्तकात दिल्याइतकं खाली आणायचं. ते चढं राहिलं तर वजनं आधीच उघडू लागतात आणि त्यांचा ॲडव्हान्स तुमच्या आकड्यात मिसळतो. आता खूण बघा, आणि नुसती कुठे आहे एवढंच नाही, ती कशी आहे तेही बघा. मागच्या वेळी भाचीनेच आधी टिपलं.

“मावशी, खूण एका जागी नाहीये. दोन-तीन अंशांत नाचतेय.”

“कॅप काढ आणि शाफ्ट आडवा हलवून बघ.”

“हलतोय की!”

डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश झिजला होता. शाफ्ट डगमगला की दर फेरीला गॅप वेगळी, म्हणून ठिणगीही वेगळ्या वेळी. असं असताना डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवला तरी उपयोग नसतो. बुश बदलला आणि खूण खिळल्यासारखी उभी राहिली. टायमिंग लाइट नुसतं टायमिंग सांगत नाही, डिस्ट्रिब्युटरची तब्येतही सांगतो. कानाला हे कधीच कळलं नसतं.

नंतर ॲक्सिलरेटर सावकाश वाढवत न्यायचा. खूण ॲडव्हान्सच्या बाजूला सलग सरकत गेली पाहिजे, मध्येच अडखळली किंवा उडी मारली तर स्प्रिंग किंवा वजन अडकतंय. एकूण ॲडव्हान्स किती हवा, तो कुठल्या आरपीएमला पूर्ण व्हावा, हेही पुस्तकात असतं. वेळ कमी असेल आणि एकच आकडा तपासायचा असेल तर मी आयडलिंगचा सोडून हा तपासेन. पिस्टन जळतो तो भाराखाली, आयडलिंगला नाही.

शेवटी पेट्रोल. पुस्तकातला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी आहे. बॅटरी, कॉइल आणि पॉइंटचं इग्निशन ज्या चार्ल्स केटरिंगच्या नावाने ओळखलं जातं, त्याच्याच हाताखाली थॉमस मिजलीने १९२१ साली टेट्राएथिल लेड घातल्यावर नॉकिंग थांबतं हे शोधून काढलं. पुढे त्या शिशाने माणसांचं अतोनात नुकसान केलं, आणि गाड्यांसाठीच्या शिसेयुक्त पेट्रोलची शेवटची विक्री अल्जीरियात २०२१ मध्ये थांबली. ते गेलं हे फार चांगलं झालं. पण आपल्या गाडीचं पुस्तक छापणाऱ्याला आज टाकीत काय असेल ते ठाऊक नव्हतं. म्हणून लाइटवर आकडा लावल्यावर गाडी रस्त्यावर न्यायचीच. गरम इंजिन, वरचा गिअर, कमी वेग, थोडा चढ, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. खडखड ऐकू आली तर एक-एक अंशाने मागे यायचं, ती जाईपर्यंत. तीन-चार अंश मागे येऊनही गेली नाही, तर टायमिंगला दोष देणं थांबवा. पेट्रोल कमी असलेलं विरळ मिश्रण, तापणारं इंजिन, सिलिंडरमधला कार्बन, कारण तिथे असेल. आणखी मागे ओढत राहिलात तर ताकद जाते, एक्झॉस्ट तापतो आणि इंजिन जास्तच गरम होतं.

माझ्या गाडीवर आकडा ९ अंशांवर थांबला. त्यानंतर कार्ब्युरेटरचं आयडलिंग पुन्हा लावलं, कारण टायमिंग हललं की तेही हलतं, आणि लाइटवर परत एकदा पाहिलं. वहीत ड्वेल आणि टायमिंग दोन्ही लिहिलेत, शेजारीशेजारी. पॉइंटची टाच कॅमवर घासून हळूहळू झिजते, गॅप कमी होते, ड्वेल वाढतो आणि टायमिंग आपोआप मागे पडतं, इतकं सावकाश की चालवणाऱ्याला कळत नाही. ड्वेल एक अंशाने वाढला तर टायमिंगही साधारण एक अंशाने मागे आलेलं असतं. पुढच्या वेळी दोन्ही आकडे तेवढ्यानेच सरकलेले दिसले तर गॅप पूर्ववत करायची, टायमिंग आपसूक जागेवर येतं. डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टला पाना लावायचाच नाही.