नक्कल हातात आल्यापासून 30 दिवस? नाही हो!

आमचे काका जागेच्या ताब्याच्या दाव्यात खालच्या कोर्टात हरले, बाहेर पडतानाच म्हणाले अपील करणारच, आणि मग रागारागात तीन आठवडे कागदांना हातसुद्धा लावला नाही. डोक्यात एकच पक्कं, की निकालाची नक्कल हातात पडली की तिथून 30 दिवस सुरू. असं समजणारे भरपूर आहेत, मीपण त्यातलाच होतो.

तर जिल्हा कोर्टात दिवाणी अपिलाला 30 दिवस, हायकोर्टात 90, आणि मोजायचं निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. 1963 च्या लिमिटेशन ॲक्टचं (म्हणजे मुदतीच्या कायद्याचं) कलम 12 नकलेला लागलेले दिवस वजा करून देतं, पण फक्त अर्ज टाकल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे. अर्जाआधी घरी बसून घालवलेले दिवस गेले ते गेलेच, आणि नक्कल तयार होऊन पडलीये नि तुम्ही आणायलाच गेला नाहीत तर तेही तुमच्याच अंगावर.

काकांचे अर्जाआधीच 21 गेले होते. नकलेचे 12 वजा झाले, म्हणजे उरले 9. त्यातले 6 आज जातो उद्या जातो करण्यात गेले, मग नवीन वकील शोधा, वकीलपत्र, कोर्ट फी... अपील दाखल झालं तेव्हा 14 दिवस उशीर. (मधे सुट्ट्या होत्या ना, असं काकू म्हणतात. पण शेवटचा दिवसच सुट्टीत आला तरच कोर्ट उघडेल त्या दिवशी चालतं, मधल्या सुट्ट्यांचं काही नाही.)

मग त्याच कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज, सोबत ॲफिडेव्हिट. 'मला माहीत नव्हतं' एवढ्यावर भागत नाही, सबळ कारण लागतं. सुप्रीम कोर्टाने 1987 च्या कातीजी केसमध्ये म्हटलंय की अशा अर्जांकडे जरा उदारपणे बघा, पण कारण तर दाखवावं लागतंच ना.

आणि खरी गोची पुढेच आहे. नुसतं अपील टाकलं म्हणून स्टे, म्हणजे खालच्या निकालाच्या अंमलबजावणीला स्थगिती, मिळत नाही, तो वेगळा मागावा लागतो, आणि अपील उशिरा असेल तर ते ऐकायचं असं कोर्ट ठरवेपर्यंत स्टे देताच येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचा (सीपीसी) ऑर्डर 41 रूल 3ए. समोरच्याने तोवर ताब्यासाठी दरखास्त, म्हणजे निकाल अमलात आणायचा अर्ज, टाकलीसुद्धा.

विलंबाच्या अर्जावर आत्तापर्यंत तीन तारखा झाल्यात. अपिलाचं पहिलं पानही अजून कोणी उघडलेलं नाही.