काळं दिसलं म्हणजे खत तयार झालं असं नाही

टोमॅटोची रोपं लावून तीन आठवडे झाले आणि खालची पानं पिवळी पडायला लागली. डाग नाहीत, कीड नाही. शिरांसकट सगळं पान फिकट. पाणी जास्त होतंय असं वाटून कमी केलं, फरक पडला नाही. मग खत कमी पडत असेल म्हणून घरच्या कंपोस्टच्या आणखी दोन-दोन मुठी आळ्यात मिसळल्या. रोपं जास्तच मलूल झाली.

शेवटी एका बुंध्याजवळ खुरप्याने माती उकरली. कंपोस्टच्या ड्रममध्ये घातलेला लाकडाचा भुसा जसाच्या तसा हाताला लागला. सुक्या पानांच्या शिराही ओळखू येत होत्या. खत वरून काळं झालं होतं, पण आत अजून कुजतच होतं. कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नत्र (नायट्रोजन) लागतं. भुशात ते नावालाच असतं, म्हणून जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोप उपाशी राहतं. मी जितकं खत वाढवत होते, तितकी ही उपासमार वाढत होती. हे कळल्यावर फार वाईट वाटलं.

आळ्यातलं निघेल तेवढं कच्चं खत काढून परत ड्रममध्ये टाकलं. प्रत्येक रोपाला मूठभर मुरलेलं गांडूळखत दिलं. शिवाय पेंड भिजवून ते पाणी दहापट पातळ करून आठवड्यातून एकदा घातलं. पिवळी पानं गळालीच, पण पंधरा दिवसांत शेंड्याची नवी पालवी हिरवीगार आली.

ड्रमचं गणितही बदललं. भुसा बंद केला. ओल्या कचऱ्याच्या एका भागाला सुक्या पाल्याचे दोन-तीन भाग घ्यायला लागले. दर आठवड्याला वर-खाली करायचं, आणि मूठ दाबल्यावर पाण्याचा एखादाच थेंब सुटेल इतकीच ओल ठेवायची. सुरुवातीला खत इतकं तापायचं की मधल्या थरात हात धरवत नसे. ढवळल्यावरही ते तापेनासं झालं, त्यानंतर आणखी महिनाभर तसंच मुरू दिलं.

आता खत पूर्ण तयार झालं का ते बघायला मी प्रत्येक वेळी मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवते. या खेपेला पिशवी दोनदा उघडली, दोन्हीदा आंबूस वास आला, म्हणजे खत अजून कच्चं होतं. तिसऱ्यांदा मात्र पहिल्या पावसातल्या मातीचा वास आला, आणि त्याच संध्याकाळी ते खत मी वांग्याच्या वाफ्यात मिसळलं.