यल्लम्माचा डोंगर, गोकाकचा धबधबा आणि वाळूत उरलेले पर्वत

बेळगावात वाढलेल्या माणसाला डोंगर म्हटलं की पश्चिमेकडे बघायची सवय. आंबोली तिकडे, चोर्ला तिकडे, पाऊसही तिकडूनच येतो. पण खरंच जुने डोंगर बघायचे असतील तर तिकडे पाठ करून सौंदत्तीच्या बसमध्ये बसायचं. महाराष्ट्रातला सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांनी बनलाय ते सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. ते थर एकावर एक साचले, पुढे त्यांची पश्चिमेची कड झिजत गेली, तीच आपल्याला डोंगररांग दिसते. बेळगाव शहराखालीही तोच काळा पाषाण आहे, वर जांभ्याचं टोपरं. पूर्वेकडे जाताना हा पाषाण पातळ होत संपतो आणि त्याच्याखाली दडलेली फार जुनी जमीन उघडी पडते.

जानेवारीत मी आणि आत्या गेलो. तिला सौंदत्तीच्या डोंगरावरच्या यल्लम्मा आईचं दर्शन घ्यायचं होतं, मला दगड बघायचे होते. पहाटेची बस धरा, सौंदत्तीला पोचायला दोन तास धरून चला. मंगळवार, शुक्रवार टाळा. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या आसपास दगडांसाठी तर जाऊच नका. गेल्या वर्षी मी पौर्णिमेला गेलो आणि डोंगराच्या पायथ्याशी वाहनांच्या रांगेत तीन तास काढले. एकही दगड नीट बघून झाला नाही.

दर्शन झाल्यावर गर्दीपासून जरा बाजूला या आणि उघड्या खडकावर उकिडवे बसा. सकाळचं ऊन तिरपं असतं, तेव्हाच खडकावरच्या बारीक समांतर लाटा उठून दिसतात. दुपारी त्या गायब होतात, म्हणून हे काम नऊच्या आत उरका. आत्यानं त्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अरे, ही तर नदीकाठची वाळू. पाणी उतरल्यावर अश्शीच नक्षी राहते." तेच आहे ते. उथळ पाण्याखालची वाळू, शंभर कोटी वर्षांहून जुनी, दगड झालेली. भूवैज्ञानिक या थरांना कलादगीचे थर म्हणतात आणि इथल्या खडकाला सौंदत्ती क्वार्टझाइट, म्हणजे कण घट्ट जुळून गेलेला वालुकाश्म.

दहापट मोठं दाखवणारं भिंग जरूर न्या. हातोडा नको, देवीचा डोंगर आहे, आणि वाटेत पडलेल्या तुकड्यांवर काम भागतं. तुटलेल्या बाजूवर भिंग धरा. साध्या वालुकाश्मात भेग कणांना वळसा घालून जाते, इथे ती कणांच्या आरपार गेलेली दिसेल, इतके ते एकमेकांत मिळून गेलेत. आणि कण जवळजवळ सगळे गारगोटीचे.

माझ्या मते या सगळ्या फेरीतली सर्वात मोलाची गोष्ट हीच. एवढी गारगोटी आली कुठून? ग्रॅनाइट आणि त्याच्याच जातीचा पट्टेदार नीस, असल्या खडकांतून. ते कुजतात तेव्हा त्यांतल्या बाकीच्या खनिजांची माती होऊन वाहून जाते, चिवट गारगोटी तेवढी मागे राहते. म्हणजे या टेकड्या उभ्या राहायला त्याआधी ग्रॅनाइटचे डोंगरच्या डोंगर झिजून गेलेले असणार.

ते डोंगर ज्या कवचाचे होते ते कसं झालं? तीनशे कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचं पोट आजच्याहून बरंच गरम होतं. बेसॉल्टचं, म्हणजे काळ्या पाषाणाचं, कवच जाड झालं की त्याचा तळ, पाण्याचा अंश असेल तर, थोडा थोडा वितळायचा. लोणी कढवताना हलकं तूप वर येतं आणि बेरी तळाशी बसते, तसा हलका, सिलिकाने भरलेला रस वर चढून थिजला. त्यातून नीस झाला. अशा खंडीय कवचाची घनता पाण्याच्या साधारण 2.7 पट, समुद्रतळाच्या बेसॉल्टची 3.0 पट, कवचाखालच्या थराची, म्हणजे प्रावरणाची, 3.3 पट. समुद्रतळ जुना होत थंड आणि जड झाला की पुन्हा पोटात बुडतो, म्हणून महासागरांत 20 कोटी वर्षांहून जुना तळ फारसा सापडत नाही. हलके खंड मात्र तरंगत राहतात. त्यांच्या मध्ये सापडलेला समुद्रातला लाव्हा आणि चिखल चेपून उभा झाला, तेच धारवाडचे शिस्टचे, म्हणजे पापुद्र्यांच्या खडकाचे, पट्टे. सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी ग्रॅनाइट घुसून हे सगळं एकजीव झालं. डोंगरांना मुळं असतात. माथा झिजला की भार कमी होतो आणि मूळ वर येतं. धारवाडच्या बाजूला ज्या सपाट रानात जोंधळा डोलतोय, तिथला खडक एकेकाळी कित्येक किलोमीटर खोल होता.

डोंगरावरून नविलतीर्थ जवळच आहे. मलप्रभा नदीनं याच कठीण खडकाची रांग कापून अरुंद वाट काढलीय आणि तिथेच धरण बांधलंय. फोटो काढण्याआधी तिथल्या पहाऱ्यावर विचारा. आम्हाला अर्धा तास पुरला.

पुढे यरगट्टीमार्गे गोकाक. भाकरी आणि शेंगाचटणी घरूनच बांधून न्या, पाणी प्रत्येकी तीन लिटर. थेट बस नाही मिळाली तर यरगट्टीला बदलायची. पाट्या कन्नडमध्ये असतात, कंडक्टरला विचारून चढा. 'कल्लु' म्हणजे दगड आणि 'गुड्ड' म्हणजे टेकडी, एवढ्या दोन शब्दांवर शेतातली माणसंही आपणहून वाट दाखवतात.

गोकाकला घटप्रभा नदी सुमारे 52 मीटर खाली उडी घेते. पाणी बघायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर, थर बघायचे असतील तर हिवाळा. पाणी कमी असलं की कड्यात आडवे थर वह्यांच्या गठ्ठ्यासारखे मोजता येतात. कडेला जाऊ नका, कोरड्या दिवसांतही खडक गुळगुळीत असतो. कलादगीच्या तळच्या थरांत ठिकठिकाणी गोटेदार खडक सापडतो. गोकाकच्या करदंट मिठाईत गुळानं सुकामेवा धरून ठेवावा तसे त्यात वाळूनं गोटे धरलेले असतात. गोकाकात करदंट घेताना मी तो आडवा कापून आत्याला दाखवला, तेव्हा तिला ते एका दमात पटलं.

परतीची बस अंधार पडायच्या आत पकडा. निघताना आत्यानं नदीकाठची चिमूटभर वाळू रुमालाच्या टोकाला बांधली. ती आता आमच्या देव्हाऱ्यात, भंडाऱ्याच्या डबीशेजारी आहे.